थंडगार आणलेलं औषध

नागपूरला माझं संशोधन चालू होतं त्या वर्षांत भाऊ माझी फार मजा घ्यायचा. चरबीचे अतिसूक्ष्म फुगे करायचे, त्यांना लायपोसोम म्हणतात. त्यांच्या पोटात औषध भरायचं आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या कार्बनच्या नळ्या त्यांना जोडायच्या, म्हणजे औषध थेट पेशीच्या आत शिरतं. एवढं ऐकून भाऊ म्हणाला, "म्हंजे कोयसा अन् चरबी! कोयसा तं चांद्याले ढीगभर पडला हाय, त्याच्यासाठी नागपूर काऊन लागते तुले?" मी चिडले की त्याला आणखी चेव यायचा.

आम्ही कुरखेड्याकडचे ढिवर. भाऊ तळ्यातले झिंगे आणि मासे टेम्पोने नागपूरच्या बाजारात आणायचा.

मग मायला बुरशीचा आजार झाला. साखर वाढलेली, बुरशी नाकातून डोळ्याकडे सरकत होती. गडचिरोलीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बुरशीचं साधं इंजेक्शन हिच्या किडन्यांना झेपणार नाही, तेच औषध लायपोसोममध्ये भरलेलं मिळतं, ते आणा. मी रोज ज्या फुग्यांशी झगडत होते, तेच बाजारात बाटलीबंद मिळत होते आणि माझ्या मायला वाचवणार होते. मला तर आनंदाने रडूच आलं.

मी नागपूरला परत येऊन बाटल्या विकत घेतल्या. भाऊही माल घेऊन नागपुरातच आला होता. मी बाटल्या कागदात गुंडाळल्या, थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्यांपासून दूर ठेवल्या आणि बजावलं, "गार राहू दे, पण बर्फ बाटल्यांना लागू देऊ नको. डबा उघडूच नको." तो पहाटेच्या टेम्पोने निघाला. मी लॅबमधून सुट्टी घेऊन दुपारच्या एसटीने.

दवाखान्यात पोचले तेव्हा भाऊ डबा मांडीवर घेऊन मायच्या खाटेशी बसला होता. मी झाकण काढलं. कागद नव्हता, पिशव्या नव्हत्या. ठेचलेल्या बर्फात बाटल्या गळ्यापर्यंत रुतवलेल्या, वर जाड मिठाचे खडे. बाटल्यांत पिवळसर दूध असायला हवं होतं. त्याचा दगड झाला होता.

"मीठ टाकलं?"

"टाकलं ना! नागभीडले तुया पिशव्या ढिल्या पडल्या होत्या. आमी तिथी सगळाच माल नव्या बर्फात भरतो. मिठानं बर्फ कडक राह्यते. तुया डब्यात तं डबल टाकलं."

मिठाने बर्फ शून्याच्याही खाली गार होतो. आमच्या लॅबचा फ्रिज एकदा बिघडून सगळं गोठलं होतं. बर्फाने फुगे फाटतात, मग वितळलं तरी नुसत्या गुठळ्या तरंगतात आणि औषध मोकळं सुटतं. मी एक बाटली उचलून उलटी धरली. आतलं हललं नाही.

खाटेवरून माय म्हणाली, "पायतं काय नुसती? चांगलं म्हन त्याले. सकाळपासून डबा खाली नाई ठेवला थ्यानं."

"चांगलं केलं भाऊ," मी म्हणाले आणि डबा घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी एक बाटली उजेडात धरली आणि परत ठेवून दिली. नागपुरातही लगेच दुसऱ्या बाटल्या नव्हत्या, मुंबईहून मागवाव्या लागणार होत्या. तोवर बुरशी थांबणार नव्हती. त्यांनी साधं इंजेक्शन सुरू केलं.

नव्या बाटल्या आल्या तेव्हा मायची लघवी बंद झाली होती. पुढच्या आठवड्यात ती गेली.

तेरवीला सगळा गाव जेवायला होता. भाऊ पंगतीतून फिरत प्रत्येकाला सांगत होता, "औषध म्याच आणलं नागपूरवरून. जरासंबी गरम नाई होऊ देलं. आपल्याकडून काई कसर नाई ठेवली." म्हातारे मान डोलवत होते. त्याचे डोळे भरून आले होते, आणि त्याने माझ्याकडे पाहून विचारलं, "नाई का वं?"

"हो भाऊ," मी म्हणाले आणि पुढच्या पानावर भात वाढला.