चमचाभर अनोळखी पदार्थ

जुलैतला शुक्रवार, सकाळ. हजर : मी, माझा सहकारी डिटेक्टिव्ह, तुरुंगाचा सुरक्षा अधिकारी आणि ट्रुगानिना उपनगरातून नवऱ्याला भेटायला आलेली एक बाई. टेबलावर पुराव्याच्या पिशवीत तिची स्टीलची डबी. निवृत्त झाले, तरी मेलबर्नबाहेरच्या त्या तुरुंगातली ही हजेरी मला पाठ आहे.

तिच्या नवऱ्याने दारू पिऊन गाडी चालवली आणि एक माणूस मेला. त्याची शिक्षा तो भोगत होता. वर्तन चांगलं असेल, तर इथे कैद्याला आवारातल्या छोट्या घरात बायकोसोबत एक रात्र राहता येतं. या दोघांची ती पहिलीच रात्र होती. आमच्या स्टेशनात त्या घरावरून चावट विनोद चालत.

खबर तुरुंगातूनच आली. कैद्यांचे फोन रेकॉर्ड होतात. या दोघांच्या बोलण्याचं भाषांतर हिंदी दुभाष्याने केलं होतं : 'अनोळखी पदार्थ. घरी बनवलेला. चमचाभर पुरतो. रात्रभर उबेत ठेवायचा, हलवायचा नाही.' झडतीत डबी सापडली. अमली पदार्थाचा संशय खरा ठरला, तर ही भेट रद्द आणि पुढच्याही.

मी तिला तिचे हक्क इंग्रजीत वाचून दाखवले. सहकाऱ्याने विचारलं, "डबीत काय आहे?"

"कल्चर."

त्याने पेन खाली ठेवलं. "आम्ही सगळ्यांच्या कल्चरचा आदर करतो. पण डबीत काय आहे?"

"तेच सांगतेय. कल्चर."

सुरक्षा अधिकारी छताकडे बघू लागला. मी मराठीत विचारलं, "विरजण का?"

ती माझ्याकडे वळली. "अगं बाई. ताई, मग मघापासून इंग्रजीत का छळताय?"

मी मूळ रेकॉर्डिंग मागवून ऐकलं. शब्द तोच होता, विरजण; हिंदी दुभाष्याला तो कळला नव्हता. तरी विचारलं, "दही दुकानात मिळतं. लपवून विरजण कशाला?"

"विकतचं दही तो इथेही खातो," ती म्हणाली. "भेटीच्या हॉलमध्ये दोन तास मिळतात. दोन तासांत दही लागत नाही. त्याला रात्र लागते, आणि सकाळी झाकण उघडायला आपण तिथेच असावं लागतं."

याचं सहकाऱ्यासाठी भाषांतर करताना मला दोनदा थांबावं लागलं.

डबी नियमाप्रमाणे तपासणीला गेली. भेट मात्र होऊ दिली. सीलबंद दह्याचा डबा चालतो, त्यातलंच चमचाभर घ्या, असं मी सुचवलं. तिने नाक मुरडलं, पण घेतलं.

शनिवारी सकाळी मी तिच्या नवऱ्याचा जबाब घ्यायला गेले. ओट्यावर पातेलं होतं, त्याच्या हिरव्या तुरुंगी जॅकेटात गुंडाळलेलं. दोघं शेजारी उभे.

"तू उघड."

"तू उघड. मी रात्री तीनदा बघायला निघालो, तूच ओरडलीस."

त्याने झाकण काढलं. पातेलं हळूच तिरकं केलं. दही जागचं हललं नाही. मेलबर्नच्या त्या थंडीत. मी जबाबाचे कागद पिशवीतच ठेवले आणि बाहेर जाऊन उभी राहिले.

नोकरीत मी कैद्यांचे हक्क शेकडो वेळा वाचून दाखवले. त्यातला एक हक्क रात्रभर न हलवता ठेवायचा असतो, हे मला त्या ओट्यापाशी कळलं.

तिच्या नावापुढे तुरुंगाच्या नोंदीत अजून 'अनोळखी पदार्थ' आहे. त्यामुळे प्रत्येक भेटीआधी तिची वेगळी झडती होते. दुरुस्तीचा अर्ज मी दोनदा केला. तिसरा लिहायचा आहे.