वहिनीच्या चार ओळी

माझी वहिनी शाळेत गणित शिकवते आणि सव्वीस वर्षं शाळेचं वेळापत्रकही करते. हे दुसरं काम तिच्या गळ्यात पडलं, कारण मुख्याध्यापिकाबाईंच्या मते ती कोणाशी भांडत नाही. खरंच आहे. ती भांडत नाही, चूक दाखवते. फरक काय ते आमच्या दादाला विचारा.

पूर्वी ती जेवणाच्या टेबलाएवढा कागद पसरून आठवडाभर खोडरबर घासत बसायची आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायचो. मग दादाने वेळापत्रक जुळवणारं एक सॉफ्टवेअर आणून दिलं. फुकट, आणि वर खुलं: आतला कोड कोणीही वाचावा, चूक दिसली तर दुरुस्ती सुचवावी. ती घ्यायची की नाही, हे मात्र बनवणारी कंपनीच ठरवणार.

सॉफ्टवेअर गुणी होतं. खोट एकच. सलग दोन तासांच्या मध्ये मोठी सुट्टी आली, की दुसरा तास ते विसरायचं आणि त्या शिक्षकाला त्याच वेळी आणखी एका वर्गावर धाडायचं. हाताने बदलावं तर बाकीचं सगळं विस्कटायचं. सलग तास फक्त चित्रकलेच्या सरांना, त्यामुळे दर बुधवारी ते एकाच वेळी सहावीतही असायचे आणि आठवीतही. शेवटी दोन्ही दारांच्या मध्ये, व्हरांड्यात, त्यांनी चित्र काढायला स्टुलावर किटली ठेवली. सहावीने तोटी काढली, आठवीने मूठ.

"बाई," ते वहिनीला म्हणाले, "एक तर मधली भिंत पाडा, नाही तर मला जुळा भाऊ आणून द्या."

वहिनीने कंपनीच्या तक्रारींच्या पानावर सगळं नीट मांडून लिहिलं. मिनिटभरात उत्तर: "तुमच्या मोलाच्या सहभागाबद्दल आभारी आहोत!"

"किती तत्पर माणसं!" वहिनी हरखली. तिने उलट आभार मानले. त्यावरही मिनिटभरात तेच उत्तर.

"अगं, मशीन आहे ते," दादा म्हणाला.

तिसाव्या दिवशी मशीनने कळवलं: "या तक्रारीवर महिनाभर कोणी बोललेलं नाही. ती मिटली असं समजून बंद करत आहोत."

"बोलायचं कोणी? त्यांनी!" वहिनी चिडली, पण तिने लिहिलं, "चूक जागेवरच आहे." तेव्हापासून दर एकोणतिसाव्या दिवशी हेच. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, गॅसच्या तारखेशेजारी, त्याची लाल खूण असायची.

हळूहळू त्या तक्रारीखाली वस्ती झाली. एक पोहण्याचे प्रशिक्षक आले. त्यांना सॉफ्टवेअरने एकाच वेळी तलावात आणि बैठकीत टाकलं होतं. मग एका संगीतशाळेतल्या कारकूनबाई आल्या. तिघं पाळ्या लावून मशीनला जागं ठेवू लागली.

सव्वा वर्षाने कंपनीतला एक खराखुरा माणूस उगवला. "बाब गंभीर आहे. आमच्या आतल्या यादीत घेतली आहे." खाली यादीचा दुवा. वहिनीने तो दाबला. "तुम्हाला परवानगी नाही."

"म्हणजे पोट माझं दुखतंय आणि रिपोर्ट मीच बघायचा नाही!"

उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने थेट कोड उघडला. दोन पुस्तकं आणि अडीच आठवडे लागले. एका दुपारी ती आतून ओरडली. मला वाटलं, अंगावर पाल पडली.

"सापडलं! यांनी सुट्टीला शून्य धरलंय, आणि शून्य दिसलं की दिवस संपला म्हणतात!"

दुरुस्ती चार ओळींची होती. शाळेच्या प्रतीत तिने ती लगेच घातली आणि सरांची व्हरांड्यातून सुटका झाली. बाकीच्यांचं काय, म्हणून कंपनीलाही पाठवली. कंपनीने आधी करारनामा भरून घेतला. मग कळवलं, तिसऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा जास्त सुटली आहे. मला राग आला, वहिनी मात्र खूश. "बरोबर आहे. मीही अर्धा मार्क कापला असता."

जागा काढून पाठवली. पुढे चार महिने शुकशुकाट.

आणि मग नवी आवृत्ती आली. त्यात तिच्या चार ओळी जशाच्या तशा, श्रेय 'आमच्या संघाला'. तिची दुरुस्ती 'आता गरज नाही' म्हणून परत. तक्रारीवर शिक्का: 'आतल्या तक्रारीची नक्कल'.

"आतली माझ्यानंतर सव्वा वर्षाने जन्मली," वहिनी म्हणाली, "आणि नक्कल मी? आई लेकीसारखी दिसते म्हणून आईला घराबाहेर काढायचं?" हेच तिने तारखांसकट लिहिलं. संध्याकाळपर्यंत पानाला कुलूप लागलं.

दोन दिवस तिने घरात कोणाची चूक दाखवली नाही. दादा घाबरला. त्याने मुद्दाम चहात मीठ घातलं. तोही ती निमूट प्यायली.

तिसऱ्या दिवशी प्रशिक्षकांचा फोन आला. "ताई, आम्ही कंपनीची वाट बघितलीच नाही. तुमच्या ओळी पहिल्याच आठवड्यात घातल्या. कारकूनबाईंनी तर पुढे सात ठिकाणी दिल्या. कंपनीच्या पानाला तर कुलूप आहे. आता सॉफ्टवेअरची एक प्रत तुम्हीच सांभाळा. तक्रारी तुमच्याकडे पाठवतो."

"माझ्याकडे? तक्रारी?" वहिनीच्या आवाजात जीव आला.

महिन्याभराने कंपनीतल्या त्या माणसाचंही खासगी पत्र आलं. "तुमची दुरुस्ती घ्या, असं मी तीनदा सुचवलं. पण घ्यायची परवानगी मलाही नाही."

"बिचारा," म्हणत वहिनीने त्याला दोन ओळी लिहिल्या. सुचवलंत हे कळलं, बरं वाटलं.

आता तिची प्रत एकोणीस ठिकाणी चालते. प्रत्येकाला ती स्वतः लिहिते: "मिळालं. बघते. गुरुवारी सांगते." आणि गुरुवारी सांगते. गेल्या महिन्यात तिच्याच हातून चूक झाली आणि सगळे शिक्षक रविवारी कामावर लागले. जेवणाआधी अकरा तक्रारी. तिने त्या उभ्या उभ्या, शेवटच्या शब्दापर्यंत वाचल्या आणि चष्मा पुसत मला म्हणाली, "किती नीट लिहितात गं लोक!"