अस्वलाच्या गोष्टीची दुसरी बाजू

फोन वाजला की मला आधी वाईटच सुचतं, स्वभावच तसा. त्या रविवारी कुरखेड्याच्या आमच्या वाचनालयात मी पुस्तक-चर्चेसाठी खुर्च्या मांडत होतो, तेवढ्यात नामदेवभाऊंच्या मुलाचा फोन आला. छातीत दुखतं म्हणून भाऊंना गडचिरोलीला नेत होते... वाटेतच गेले. फोन ठेवल्यावरही मी वेड्यासारखा खुर्च्या मांडत राहिलो. मनात आलं, त्यांच्या बायकोचं, मंदाबाईंचं सांगून झालं नव्हतं आणि भाऊंचं ऐकून झालं नव्हतं. आता कसं व्हायचं?

भाऊ वनरक्षक होते. अर्धीअधिक नोकरी आलापल्लीच्या सागवानात गेली. निवृत्तीनंतर त्यांनी आठवणींचं पुस्तक लिहिलं. त्यात जंगल होतं, आईवडील होते, मुलं होती. आम्ही ते चर्चेला घेतलं, तर वाघाच्या वाटेवर रोज चाललेला हा गडी कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि दारातच मला म्हणाला, "सर, लोकं हसतीन का जी?" मी धीर दिला खरा, पण मनात मीही तेच विचारत होतो.

सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं. अस्वलाशी समोरासमोर गाठ पडते, ते प्रकरण तर सर्वांनाच आवडलं. मग मंदाबाई उठल्या. त्या चर्चेला पहिल्यांदाच आल्या होत्या.

"बुकात सागाचं नाव हाये, ऐनाचं हाये, बीजाचं हाये. माह्यं काऊन नाई? मी नुसती 'आमची सौ.'? अन् तुमी वणवा विझवाले जात होते, तवा मी घरी काय करो, थे कोन लिहीन?"

कोणी हसलं नाही. भाऊ मान खाली घालून बसले होते.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ध्यासच घेतला. नव्या आवृत्तीत मंदाबाईंचं प्रकरण घालायचं. पण घरी विचारलं की बाई म्हणायच्या, "भाजी निवडा." शेवटी भाऊ माझ्याकडे आले. "सर, तुमीच तिले चर्चेत बोलतं करा. घरी सांगत नाई, चार लोकायपुढं सांगते." तेव्हापासून दर बैठकीत शेवटचा थोडा वेळ मंदाबाईंचा असायचा. त्या बोलायच्या आणि भाऊ मागच्या रांगेत बसून ऐकायचे, परक्यासारखे. डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलंच होतं. सगळं ऐकून होईल ना, ही एक धास्ती. आणि काय ऐकावं लागेल, ही दुसरी. "अस्वलाले इतका नाई भेलो मी," ते एकदा म्हणाले.

एका बैठकीत बाईंनी सांगितलं, की आलापल्लीला असताना कोण्या गार्डाला अस्वलानं फाडल्याची बोंब उठली. कोणाला, ते कोणी सांगेना. दोन्ही पोरं घेऊन त्या दिवसभर बसस्टँडवर बसल्या. येणाऱ्या प्रत्येक गाडीत भाऊंचं प्रेत असेल असं वाटायचं, म्हणून गाडी थांबली की पोरांचे डोळे झाकायच्या. संध्याकाळी भाऊ शीळ घालत आले.

मागच्या रांगेतून भाऊंचा आवाज आला, "मले काऊन नाई सांगितलं?"

"तुमी अस्वलाची गोष्ट सांगून राह्यले होते. लय खुशीत होते."

भाऊ ओक्साबोक्शी रडले. मला त्यांच्या छातीचीच काळजी लागली आणि मी बैठक आवरती घेतली. ती त्यांची शेवटची बैठक. प्रकरण राहिलंच.

आता बैठका पुन्हा सुरू करायच्या आहेत. बाईंना बोलवावं की नाही, या घोळात मी काही आठवडे घालवले. परवा शेवटी गेलो. संध्याकाळचं ऊन अजून अंगणात होतं आणि मंदाबाई भाताचं ताट पुढ्यात घेऊन बसल्या होत्या.

"एवढ्या लवकर जेवण?" मी विचारलं.

"थे घरी आल्याबिगर मी कधी चुलीवर भात नाई ठेवला, सर. निवृत्त झाले तरी नाई. बाजारात गेले तरी नाई. आता कोनाची वाट पाहाची? लवकर होते सैंपाक."

भात तसाच होता. मी म्हटलं, "मग जेवा ना."

त्यांनी ताट थोडं दूर सारलं.

"थे दारात दिसले का धास्ती जाये, अन् मंगच भूक लागे. आता धास्तीच नाई... तं भूक कशी लागन?"