आत्यांचा डावा कान

जयपूरला समुद्र नाही, ही गोष्ट माझ्या बायकोच्या आत्यांनी कधीच मनावर घेतली नाही. जन्म यवतमाळचा, शिक्षण नागपूरचं आणि उभी नोकरी जयपूरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवण्यात गेलेली. म्हणजे समुद्राशी संबंध आला तो भरती-ओहोटीच्या धड्यापुरता. पण आतोबा विमा कंपनीतून निवृत्त झाले, दोघं अंदमानला सहलीला गेले आणि तिथे ‘एकदा करून तर बघू’ म्हणून पाठीला हवेची टाकी बांधून पाण्याखाली उतरले. वर आले ते दोघंही कामातून गेलेले. आत्या तेव्हा अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. त्या वयात आमच्या बाकीच्या नात्यातल्या बायका गुडघ्याला तेल चोळत होत्या आणि आत्या स्कूबा डायव्हिंगचं प्रमाणपत्र घेऊन, ते फ्रेम करून, देवघराशेजारी टांगून मोकळ्या झाल्या. “साठीनंतर माणसानं जमिनीवर कमीच राहावं, जावईबापू,” त्या मला म्हणाल्या होत्या. “पाण्यात गुडघ्यावर वजनच येत नाही. साधं फिजिक्स आहे.”

साधं फिजिक्स नाही अशी एकही गोष्ट त्यांच्या जगात नव्हती. तिलक नगरातल्या त्यांच्या गच्चीवर त्यांचा काळा रबरी पोशाख वाळत घातलेला असे. लांबून पाहिलं तर कोणीतरी बिनडोक्याचा माणूस दोरीला लटकलाय असं वाटायचं. इस्त्रीवाल्याने पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा बिचाऱ्याने दबक्या आवाजात विचारलं होतं, “मैडमजी, ये भी प्रेस होगा क्या?” शेजारच्या जैन काकूंनी तर आठवडाभर त्या बाजूची खिडकी उघडली नाही. मग असं लक्षात आलं की तो पोशाख असेपर्यंत गच्चीवर माकडं फिरकत नाहीत. मोती डुंगरीकडून येणाऱ्या माकडांनी त्या गल्लीत कुणाचे पापड सुखाने वाळू दिले नव्हते. तेव्हापासून पापडांच्या दिवसांत जैन काकू स्वतः येऊन “भाभीजी, दो दिन के लिए वो आपका आदमी दे दो” म्हणून पोशाख मागून नेऊ लागल्या, आणि आत्याही तो कशावर टांगायचा, कोणत्या दिशेला तोंड करून टांगायचा, हे समजावून मगच देत.

गाडीतून नाहरगड उतरताना त्या पुढच्या सीटवरून हुकूम सोडत, “कान उघडा!” की गाडीतल्या सगळ्यांनी नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, हळूच फुंकर मारायची. पाण्याखाली उतरताना पडद्यावर दाब येतो, तो असा सारखा करावा लागतो म्हणे. नाहरगडाच्या उताराला त्याची काही गरज नसते हे मी कानाचा डॉक्टर म्हणून एकदा सांगून पाहिलं. “सवय ही जमिनीवर लावायची असते, पाण्यात फक्त वापरायची असते,” असं उत्तर मिळालं. माझी सहा वर्षांची मुलगी अजून शाळेच्या जिन्यावरून उतरताना नाक धरते. तिच्या बाईंनी मला बोलावून घेतलं होतं.

तर असं सगळं जग मुठीत असलेल्या आत्यांचं एका गोष्टीपुढे काही चालत नसे. ती गोष्ट म्हणजे त्यांचा स्वतःचा डावा कान. अंदमानला पोचल्यावर दोन दिवस सुरळीत जात आणि तिसऱ्या दिवशी कान ठणकायला लागे. नळी सुजून बंद, पाळीला बोट लावलं तरी डोळ्यांत पाणी. मग बाकीचे लोक पाण्यात आणि आत्या होडीवर. आतोबा होते तोवर तेही होडीवरच बसत. “तू नाही तर मीही नाही” हा त्यांचा साधा हिशोब होता, त्यामुळे दोघांच्या बुड्यांची संख्या कायम सारखी राहिली. बुडी मारणाऱ्यांची एक वही असते, तीत प्रत्येक बुडीचा क्रमांक, खोली, काय काय दिसलं ते लिहायचं असतं. आतोबांनी दोघांत मिळून एकच वही केली होती. शंभर झाल्या की दोघांनी मिळून निवृत्त व्हायचं, असं त्यांनी पहिल्या पानावर लिहून खाली दोघांच्या सह्याही घेतल्या होत्या. एक्क्याऐंशीव्या बुडीनंतरच्या उन्हाळ्यात आतोबा गेले, झोपेतच. तेराव्याला जमलेल्या नातेवाइकांना वाटलं, आता हे पाण्याचं खूळ संपलं. आत्यांनी त्याच हिवाळ्यात एकटीचं तिकीट काढलं.

आणि तेव्हापासून मला होडीवरून फोन यायला लागले. ‘हॅलो’ नाही, ‘कसे आहात’ नाही. “जावईबापू, डावा.” एवढंच. मी विचारायचो, पाण्यातून आल्यावर कान गोड्या पाण्याने धुतला का? “धुतला.” मी दिलेले थेंब घातले? “घातले. कुशीवर झोपून, एकेका कानाला पाच मिनिटं. घड्याळ लावून.” थेंब म्हणजे काही जादू नाही, व्हिनेगरच्या जातीचं पातळ आम्ल आणि थोडं अल्कोहोल, कानात राहिलेलं पाणी त्याने लवकर सुकतं आणि जंतूंना ती आंबट जागा आवडत नाही. ज्यांचा पडदा शाबूत आहे त्यांच्यासाठी इतका साधा आणि इतका खात्रीचा उपाय मला दुसरा माहीत नाही. नंतर ड्रायरची कोमट हवा लांबून द्यायची. आत्या तीही देत. कानात काडी घालता का, हे मी दर वर्षी विचारायचो, कारण निम्मे कान काडीनेच बिघडतात. “मी काडीला हातसुद्धा लावत नाही,” हे उत्तरही दर वर्षी तेच. आत्या खोटं बोलणाऱ्यांतल्या नाहीत. मी होडीवरच्या पाण्याच्या पिंपावर संशय घेतला, डोक्यावरच्या रबरी टोपीवर घेतला, एकदा कानातला स्राव तपासायलाही पाठवला. उपयोग शून्य. दिवसाला तीस-चाळीस कान पाहणारा मी, आणि घरातला एक कान मला जुमानत नव्हता. पाच वर्षांत आत्यांच्या फक्त बारा बुड्या झाल्या. वहीत आकडा त्र्याण्णव.

गेल्या पावसाळ्यात मी त्यांना स्पष्टच सांगितलं. सारखी सुजून सुजून नळी अरुंद होत चालली होती, आणि बुडी मारायला डॉक्टरचं प्रकृती ठीक असल्याचं पत्र लागतं, ते माझ्याच सहीने जात होतं. “या हिवाळ्यात कान सुजला, तर पुढच्या वर्षी मी सही करणार नाही,” मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा आत्यांनी मला साधं फिजिक्स ऐकवलं नाही. त्यांनी वही उघडली, त्र्याण्णववर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “सात राहिल्या, जावईबापू.”

त्यानंतर एका रविवारी बायकोने मला चौडा रास्त्यावर वह्या-पुस्तकं आणायला पाठवलं. दुकानांच्या ओळीच्या टोकाला, भिंतीच्या सावलीत, लाल पगडीवाला एक म्हातारा कान साफ करणारा बसला होता. पगडीत दोन-तीन लांब सळ्या खोचलेल्या, हातात कानकोरणं, आणि समोरच्या स्टुलावर मान तिरकी करून, डोळे मिटून, चेहऱ्यावर परमानंद घेऊन कोण बसलं असावं? मी रस्त्यातच उभा राहिलो. मागून रिक्षावाला शिव्या देत होता ते मला नंतर कळलं.

“आत्या!” मी ओरडलो.

त्यांनी एक डोळा उघडला. “हलू नका म्हणतात हे. थांबा जरा.”

“तुम्ही तर म्हणालात काडीला हात लावत नाही!”

“मग? मी कुठे लावते? हे लावतात,” आत्या शांतपणे म्हणाल्या. “तुम्ही प्रश्नच नीट विचारला नाही.”

म्हाताऱ्याने मला सलाम केला. मी डॉक्टर आहे हे कळल्यावर तर तो खुलला. “साब, तीस बरस का हाथ है. एक दाना नहीं छोड़ता मैं. देख लो आप, शीशे जैसा कर दिया.” मी पाहिलं. खरंच कान आरशासारखा लखलखीत होता, आणि तिथेच तर सगळं मुसळ केरात गेलं होतं. मी आत्यांना तिथेच, भर रस्त्यात, सांगितलं की कानातला मळ ही घाण नव्हे, ती कानाची छत्री आहे. तो थर असतो म्हणून पाणी कातडीत मुरत नाही. प्रवासाच्या आदल्या दिवशी तो खरवडून काढायचा, वर बारीक ओरखडे पाडून घ्यायचे आणि मग चार दिवस खाऱ्या पाण्यात बुडवायचं. कान सुजेल नाही तर काय होईल?

“पण मळका कान घेऊन समुद्रात जायचं?” आत्या खरोखरच हबकल्या. “अहो, देवळात जाताना पाय धुतो आपण.”

मग त्यांनी पुरावा मांडला, कारण त्या आत्या होत्या. दर सहलीआधी आतोबा त्यांना इथे घेऊन यायचे. आधी आतोबांचे कान, मग त्यांचे, मग तिघांनी मिळून कुल्हडातला चहा. ते गेल्यापासून आत्या सहल नसतानाही अधूनमधून येऊन बसत, आणि निघायच्या आदल्या दिवशी तर नक्कीच. तोच माणूस, तीच सळी, तोच समुद्र. “आणि त्यांना एकदाही काही झालं नाही. मग सांगा, दोष सळीचा कसा?” मी म्हणालो, आतोबांच्या कानात मळ भराभर धरायचा, रात्रीतून छत्री पुन्हा उघडायची, तुमचा कान मुळातच कोरडा. आत्या स्टुलावरून उठल्या नाहीत. वाद त्यांना पुढे चालवायचा नव्हता, हे मला दिसत होतं. इथे येऊन बसणं त्यांना सोडवणार नव्हतं. म्हातारा सगळं ऐकत होता. त्याने सळी पुसून पगडीत खोचली आणि म्हणाला, “माताजी, आप आना. बैठना. काम नहीं करूँगा, चाय पिएँगे.”

मग साडेतीन महिने त्या कानाला कुणी हात लावला नाही. डिसेंबरात आत्या गेल्या. मी तिसऱ्या दिवशी दवाखान्यात फोन हातातच घेऊन बसलो होतो. आला नाही. चौथ्या दिवशी नाही, पाचव्याही नाही. सहाव्या दिवशी सकाळी वाजला. “जावईबापू, डावा.” मी प्रिस्क्रिप्शनचं पान पुढे ओढलं. “डावा ठणठणीत. उजवाही.” आणि फोन बंद. मी भर ओपीडीत टेबलावर हात आपटला. समोरचा पेशंट दचकला आणि त्याला आपल्यालाच काहीतरी भयंकर झालंय असं वाटलं.

त्या परत आल्यावर मी मिठाई घेऊन तिलक नगरला गेलो. कान पाहिला, नळी मोकळी, कातडी निरोगी. मला इतका अभिमान वाटला की विचारू नका. “मग, शंभरावी कशी झाली?” मी विचारलं. आत्यांनी वही पुढे केली. शेवटचा आकडा नव्व्याण्णव होता. खाली खोली, मासे, सगळं त्यांच्या स्वच्छ अक्षरात. पुढचं पान कोरं.

“एक दिवस तर हातात होता ना? हवामान बिघडलं का?”

“छे. आरशासारखं पाणी होतं. होडीवर तयार होऊन बसले होते, टाकी पाठीला बांधून.” त्या वहीची कडा बोटाने सरळ करत राहिल्या. “दर वेळी कानच थांबवायचा, जावईबापू. या वेळी कुणीच थांबवलं नाही. मग मीच थांबले. शंभर झाल्या की दोघांनी निवृत्त व्हायचं ठरलंय ना.”

मी मिठाईचा पुडा उघडून त्यांच्यापुढे धरला. 

यंदाच्या पत्रावर मी सही करून दिली आहे. त्या जाणार की नाही, मी विचारत नाही. रविवारी त्या चौडा रास्त्यावर जातात, स्टुलावर बसतात, चहा पितात. सळी पगडीतच राहते. आणि रोज संध्याकाळी दिवाणावर कुशीवर झोपून कानात थेंब घालून घेतात. जयपूरच्या कोरड्या हवेत, पाण्याच्या जवळपासही न जाता, त्या थेंबांची काडीचीही गरज नाही, हे मी सांगायला हवं. सांगत नाही. “कान तयार असलेला बरा,” त्या म्हणतात. मी गेलो की घड्याळ माझ्याकडे देतात. पाच मिनिटं डावा, पाच मिनिटं उजवा. तेवढा वेळ मी काट्याकडे पाहत बसतो.