मधली पायरी

नाशिकहून धाकट्या दिराचा फोन आला तेव्हा मी गाडीत पेट्रोल भरत होते. "वहिनी, आई गेली," तो म्हणाला. झोपेतच गेली, त्रास काही झाला नाही... मी टाकी भरली, आत जाऊन पैसे दिले, गाडी बाजूला लावली आणि मगच समीरला, माझ्या नवऱ्याला, फोन केला. कामं अशी ओळीनं उरकायची माझी सवय. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यावरून मला चिडवायच्या. "तुझ्यापेक्षा आपली एसटी बरी गं, निदान थांब्यावर थांबते तरी!"

मागच्या उन्हाळ्यात त्या आमच्याकडे, इथे परदेशात ल्यूकनला, राहायला आल्या होत्या. गुडघे दुखायचे, त्यामुळे आता पुन्हा एवढा प्रवास जमेल असं कुणालाच वाटत नव्हतं. म्हणून कायम लक्षात राहील अशी सहल करायची, असं मी ठरवलं. चार दिवस इथल्या पश्चिम किनाऱ्यावर जायचं, त्यातला एक दिवस बोटीनं बेटावर. त्या बेटावर पफिन असतात, रंगीत चोचीचे, बुटके पक्षी. आमच्या इरानं आजीला फोनवर त्यांचा व्हिडिओ दाखवला होता. "हा तर तुमच्या आजोबांसारखा चालतो!" म्हणत आई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या होत्या.

त्याच सुमाराला त्यांचं जिन्यावर वर-खाली सुरू झालं. मी ऑफिसचं काम घरूनच करायचे. मीटिंग चालू असताना मधली पायरी करकरायची. पुन्हा करकरायची. एकदा मी दार उघडून विचारलंच, "आई, काय हवंय? मी आणून देते ना!" कठड्याला धरून, धापा टाकत त्या म्हणाल्या, "चष्मा गं. वय झालं, विसरते मी." चष्मा डोळ्यांवरच होता. मला हसू आलं, आणि थोडी काळजीही वाटली. काळजी वाटली ती विसरण्याची.

एका रात्री जेवताना मी सगळ्यांना बेत सविस्तर सांगितला. धक्क्यावरून बोटीत उतरायला उभ्या दगडी पायऱ्या, बेटावर पुन्हा चढ. "त्या दिवशी तुम्ही हॉटेलवर आराम करा, आई. समुद्र दिसेल अशीच खोली घेतलीय." तिकिटं आधीच काढली होती, आम्हा तिघांचीच. इरा माझ्याकडे बघायला लागली आणि काही बोलणार, तेवढ्यात आईंनी तिच्या ताटात पोळी वाढली. "बरं झालं. तुम्ही या जाऊन," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून जिना शांत झाला. मला हायसं वाटलं...

बेटावर पफिन ढिगानं होते. परत आलो तर आई खिडकीशी, आम्ही सोडून गेलो तशाच बसलेल्या. "दिसला का गं?" त्यांनी इराला विचारलं. इरा म्हणाली, "नाही आजी. नॉट अ सिंगल वन." मी तिला बाहेर नेऊन खोटं बोलल्याबद्दल झापलं. तिनं नुसते खांदे उडवले.

आई गेल्याचं सांगितलं त्या संध्याकाळी इरा जिन्यात बसून रडली. मी शेजारी बसले. नाक पुसून ती म्हणाली, "शी वॉज ट्रेनिंग, मम. त्या बोटीसाठी. तुला सरप्राइज द्यायचं होतं. मी सांगणार होते, पण आजी म्हणाली, राहू दे, तिनं इतक्या हौसेनं ठरवलंय."

त्यांचे गुडघे बघता मी चुकीचं ठरवलं असंही नाही. पायऱ्या खरंच उभ्या होत्या, ओल्या होत्या. आई घसरल्या असत्या तर सगळ्यांनी मलाच विचारलं असतं. हे मी गेले काही आठवडे स्वतःला सांगतेय आणि ते खरंही आहे. पण ज्यांच्यासाठी सहल आखली त्यांना मी एका शब्दानं विचारलं नाही. "आई, याल का?" एवढंच विचारायचं होतं. त्या "नको" म्हणाल्याही असत्या... कुणास ठाऊक.

जिन्याची मधली पायरी अजून करकरते. समीर दोनदा म्हणाला, सुताराला बोलाव. एरवी असलं काम मी त्याच दिवशी उरकलं असतं. आता धुतलेले कपडे घेऊन वर जाते, मधल्या पायरीवर पाय देते. ती करकरते. मी थांबते, आणि मग वर जाते.