भार कुठल्या पायावर

जनावर तपासायला आलं की आमचे डॉक्टर त्याला लगेच हात लावत नसत. मागं जाऊन उभे राहत, एक डोळा मिटत आणि मानेपासून शेपटीपर्यंत बोटानं हवेत रेघ ओढत. "दोन्ही बाजू जुळतात का बघू," एवढंच म्हणत.

दौलताबादच्या बाजूला जनावरांच्या दवाखान्यात मी मलमपट्टीला होतो. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांचं काम घरीही सुटत नाही. एका लग्नात ते माझ्या कानात म्हणाले, "नवरदेवाचा उजवा खुबा खाली आहे." नंतर कळलं, नवा बूट चावत होता.

एकदा एका चाचांची वगार, अजून न व्यालेली तरणी म्हैस, उतारावरून घसरली. मागचा डावा पाय मोडला. गावानं आशा सोडली होती. डॉक्टरांनी चारही खुरांजवळ चिमटे काढले. तिनं चारही पाय आखडले. "कणा शाबूत आहे. पाय उभा करता येईल."

बांबूच्या कामट्या लावून प्लास्टर घातलं. पायावर भार येऊ नये म्हणून पोटाखाली गोणपाटाची झोळी घेऊन ती लिंबाच्या फांदीला बांधली. म्हैस पाळण्यात घातली, म्हणून लोक हसले. झोळी काचत तर नाही ना, हे बघायला डॉक्टर रविवारीसुद्धा शहरातल्या पुंडलिकनगरहून स्कूटरवर येत.

प्लास्टर काढलं तेव्हा पाय जरा वाकडाच होता. चाचा हिरमुसले. डॉक्टर म्हणाले, "ती आरशात बघत नाही, चाचा. तोल सापडला की झालं."

पुढं डॉक्टर निवृत्त झाले आणि अर्धांगानं त्यांची एक बाजू गेली. तीच वगार व्याल्यावर चाचा दवाखान्यात खरवस घेऊन आले. मी त्यांना डॉक्टरांच्या घरी नेलं. डॉक्टरांनी चमचाभर खाल्ला आणि अडखळत विचारलं, "उठताना भार आधी कुठल्या पायावर देते?"

चाचांनी कधी पाहिलं नव्हतं. बघून सांगतो म्हणाले.

काही दिवसांनी त्यांचा फोन आला. "मोडला होता ना, त्याच पायावर देती."

मी डॉक्टरांच्याच अंगणात उभा होतो. ते पहाटे गेले, असं मी सांगितलं.

"तो भी उनकू बोल दो," चाचा म्हणाले.

मी आत गेलो. भोवती माणसं बसली होती. खाली वाकून मी डॉक्टरांच्या कानाशी ते सांगितलं.