मे महिन्यातलं ब्लँकेट

कुणाला कधी "ह्याला आग्र्याला धाडा" म्हणालात का तुम्ही? नाही? मग "ठाण्याला" म्हणाला असाल, "येरवड्याला" म्हणाला असाल. खोटं बोलू नका.

आग्र्यात मनोरुग्णांचं जुनं इस्पितळ आहे. म्हणून दिल्लीकडे डोकं फिरलेल्या माणसाचं नावच पडलं 'आगरा'. जिथं माणूस बरा व्हायला जातो, त्या गावाची ह्यांनी शिवी केली!

गाझियाबादच्या आमच्या कॉलनीत ही शिवी बबन मेश्रामांना चिकटली. मूळ वर्ध्याचे, सगळी नोकरी इथल्या सरकारी कचेरीत. चौदा एप्रिलला कॉलनीची खीर ढवळायचा मान त्यांचा. रिटायर झाले आणि भिंतीतून आवाज ऐकू यायला लागले. गच्चीवर उभे राहून त्या आवाजांना उत्तरं द्यायचे. खालून पोरं ओरडायची, "आगरा अंकल, नेटवर्क आ रहा है?"

त्यांच्या बायकोनं, रमाबाईनं, डॉक्टर गाठला तो थेट पानिपतचा. इथं कुणी पाहिलं तर? शेजाऱ्यांना सांगायची, "तिकडे ब्लँकेट स्वस्त मिळतं." दर महिन्याला दोघं जायची. येताना पिशवीत तळाला गोळ्या, वर ब्लँकेट. घरात ढीग लागला, पण बबनभाऊ शांत झोपू लागले. यंदाची खीर त्यांनीच ढवळली.

मग मे आला. पानिपतला निघताना गेटवर शेजारणीनं हटकलं, "दीदी, इस गर्मी में कंबल? भाईसाब के साथ आप भी आगरा?"

सगळे खदखदून हसले. रमाबाई नवऱ्याला घेऊन मागे फिरली. म्हणाली, जरा थंडी पडू दे, मग जाऊ. गोळ्या संपल्या.

जूनच्या भर उन्हात बबनभाऊ ब्लँकेट पांघरून एकटेच निघाले. गार्डनं विचारलं, "कहाँ अंकल, आगरा?"

"हाँ," ते म्हणाले.

गार्ड हसत बसला. अडवलं नाही.

अजून घरी आलेले नाहीत. रमाबाई आता पोलिसांपासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगते, "माझा नवरा आजारी आहे." आग्र्याच्या इस्पितळातही जाऊन आली. बबनभाऊ तिथं नव्हते. "पण तिथं कुणी हसलं नाही हो," एवढंच म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला.

उंच, किडकिडीत माणूस. डाव्या भुवईवर व्रण, खांद्यावर तपकिरी ब्लँकेट. दिसले तर "जय भीम, बबनभाऊ" म्हणा, ते उत्तर देतील. सावलीत बसवा, पाणी द्या, आम्हाला कळवा, आणि आम्ही पोचेपर्यंत त्यांना एकटं सोडू नका.